हाताची आग होतेय? रक्त द्यायच्या आधी बोटं मोजा

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या बाजारपेठेत माझी छोटी लॅब आहे. उपाशीपोटी साखर तपासणाऱ्यांची गर्दी ओसरली की दहाच्या सुमारास खेड्यावरच्या गाड्या येतात. मागच्या चैत्रात अशीच एक बाई आली, पंचेचाळिशीची. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. बसल्या बसल्या तिनं दोन्ही तळहात माझ्या स्टीलच्या टेबलावर पालथे टेकवले, गारव्यासाठी, आणि म्हणाली, "ताई, हातं लई भगभगायलेत. रातभर डोळ्याला डोळा नाही. सगळं रक्त तपासून टाका एकदाचं."

"सगळं रक्त" अशी तपासणी नसते. मी विचारलं, मावशी, कोणत्या बोटांत आग होते? "सगळ्याच." करंगळीत पण? ती थांबली. डाव्या हातानं उजवी करंगळी दाबून पाहिली, मग डावी. "नाही बघा. करंगळी चांगली हाय."

त्या एका उत्तरानं निम्मं काम झालं. करंगळी सोडून बाकी बोटं, रात्री जास्त, हात झटकला की थोडं बरं: ही गोष्ट रक्तापेक्षा मनगटात दबलेल्या नसेची जास्त होती. मी तिला सुई न टोचता परत पाठवलं, धंद्याचं नुकसान करून.

मी डॉक्टर नाही, औषध सांगणं माझं काम नाही. पण वीस वर्षं लोकांचे हात हातात घेऊन रक्त काढायला शीर शोधतेय. त्यात एक पक्कं कळलंय: "आग होते" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. कुठे, कधी, कशानं वाढते आणि पायाचं काय, हे सांगितलं तर डॉक्टरचं काम पाच मिनिटांत निम्म्यावर येतं. ते शोधायचं कसं, ते क्रमानं सांगते.

यात वाट बघायची नाही

काही प्रकारांत हा लेख बाजूला ठेवा आणि 108 ला फोन लावा.

हात अचानक बधिर झाला किंवा मुंग्या आल्या आणि सोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, त्याच बाजूचा पाय लुळा पडला, तर तो लकवा असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आपल्याकडे त्यातले तीन तास लकव्याचा झाडपाला देणाऱ्याकडे जातात.

तुराट्या-पऱ्हाट्या उचलताना, दगड हलवताना एका बोटात एकदम आग उसळली तर विंचू धरून चाला. नुसती जागा दुखत असेल तर ठीक. पण दरदरून घाम, हातपाय गार, उलटी, छातीत धडधड सुरू झाली तर लाल विंचवाचं विष हृदयावर चाललंय. त्यावर प्राझोसिन नावाची साधी गोळी चालते. ती वापरून हजारोंचे जीव वाचवण्याची वाट दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे विंचू उतरवणाऱ्याकडे जायचं आता काहीच कारण उरलेलं नाही.

कुत्रं चावलं होतं, लस अर्धवट राहिली, आणि काही आठवड्यांनी त्याच जागी आग किंवा मुंग्या सुरू झाल्या, तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा. आणि हातातून वस्तू गळायला लागल्या, अंधारात तोल जायला लागला, लघवीवरचा ताबा सुटला तर मानेतला मज्जारज्जू दबलेला असू शकतो. तिथेही "बघू चार दिवस" चालत नाही.

काल-परवा हाताला काय लागलं?

आग एक-दोन दिवसांतली असेल तर आधी हा प्रश्न. याचं उत्तर बहुतेक वेळा शेतात नाहीतर स्वयंपाकघरात सापडतं.

उन्हाळी कामांच्या दिवसांत आमच्याकडे निम्म्या बायकांचे हात मिरचीनं पोळलेले असतात. वर्षाचं तिखट, येसर, काळा मसाला, सगळं एकदम निघतं. माझ्या जावेनं एका दुपारी पाच किलो मिरच्यांचे देठ मोडले. त्या वेळी काही वाटलं नाही. संध्याकाळी तिनं "तिखट जाऊ दे" म्हणून गरम पाण्यानं हात धुतले आणि पुढची सारी रात्र पाण्याच्या परातीत हात बुडवून बसली. बाहेर काढला की आग, बुडवला की थांबते. असं का होतं? मिरचीतला कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. नुसत्या पाण्यानं तो निघत नाही, पसरतो. आणि उष्णतेनं ज्या नसा जाग्या होतात त्याच नसांना तो चेतवतो, म्हणून गरम पाणी म्हणजे आगीत तेल. खरं तेल मात्र इथे उपयोगी आहे. गोडेतेल हाताला, विशेषतः नखांच्या कडांना, दोन-तीन मिनिटं चोळा, कागदानं किंवा जुन्या फडक्यानं पुसून काढा, मग भांड्याच्या साबणानं गार पाण्यात धुवा. असं दोन-तीनदा करा. उरलेली आग काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी जाते. तोवर डोळ्याला आणि लेकराला हात लावू नका.

दुसरी गोष्ट फवाऱ्याची. कापसावर, सोयाबीनवर, तुरीवर मारतात त्यातली बरीच औषधं सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन या जातीची असतात. ती कातडीला लागली की तासा-दोन तासांत चुणचुण, मुंग्या, आग सुरू होते, हातांवर आणि त्याहून जास्त चेहऱ्यावर. गंमत अशी की वर काहीच दिसत नाही, ना पुरळ ना लाली. घाम, ऊन आणि गरम पाण्यानं ती वाढते. बहुतेकांची चोवीस तासांत जाते. इथे क्रम मिरचीच्या उलट आहे: आधी साबण आणि भरपूर गार पाणी, अंगावरचे कपडे बदलणं, तेल मुळीच नाही. कारण डब्यात नेमकं काय होतं हे माहीत नसताना तेल चोळलं तर दुसऱ्या जातीचं विष कातडीतून आत ढकललं जाऊ शकतं.

ही दुसरी जात ओळखायची खूण हातावर नसते. घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, मळमळ, स्नायू फडफडणं, दम लागणं, यातलं काही सुरू झालं तर प्रश्न हाताचा राहिला नाही. दवाखान्यात जाताना औषधाचा डबा किंवा निदान त्याचं लेबल सोबत न्या. "हिरव्या झाकणाचं होतं" यावरून डॉक्टरला काही कळत नाही. लेबलवरच्या चौकोनातला रंग बघून ठेवा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते कापसाचंच रान होतं, आपल्या शेजारचंच.

बाकीचं भराभर सांगते. ओलं सिमेंट लागल्यावर लगेच दुखत नाही, काही तासांनी भाजतं. गवंड्याच्या हाताखालच्या मजुरांनी दुपारीच हात धुवावेत, संध्याकाळची वाट बघू नये. धुण्याची पावडर, फिनेल, टॉयलेटचं ॲसिड यांनी कातडी कोरडी पडून भेगा पडतात, मग मीठ लागलं तरी आग. गाजर गवत उपटणाऱ्यांना हात, मान आणि कोपराच्या खळगीत खाज आणि आग होते, आणि दर पावसाळ्यात ती परत येते. हे गवत 1950 च्या दशकात आपल्याकडे आलं आणि बांधावरून काही हललेलं नाही. हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नका.

या सगळ्यांची कसोटी एकच. त्या कामाला चार दिवस सुट्टी द्या. आग गेली आणि काम सुरू केल्यावर परत आली तर चोर सापडला. सुट्टीतही तसंच चालू राहिलं तर पुढे वाचा.

हाताचा नकाशा काढा

एक कोरा कागद घ्या, त्यावर दोन्ही हात ठेवून पेननं कडेकडेनं रेघ ओढा, लेकरं शाळेत काढतात तसं. आग होत असेल तेव्हा, आठवणीनं नव्हे, जिथे होते तो भाग रंगवा. हे दोन-तीन रात्री करा. पोरकटपणा वाटेल, पण माझ्या मते दोन हजारांच्या तपासण्यांपेक्षा हा कागद जास्त सांगतो. हाताला तीन मुख्य नसा आहेत आणि प्रत्येकीची हद्द ठरलेली आहे, शेताच्या गट नंबरासारखी.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू रंगली, करंगळी कोरी राहिली, तर मनगटातली मधली नस दबलेली असण्याची शक्यता मोठी. याला कार्पल टनेल म्हणतात. मनगटात हाड आणि एका जाड पट्ट्याच्या मध्ये अरुंद बोगदा असतो, त्यातून ही नस आणि बोटं वाकवणारे दोर जातात. दोर सुजले की नस चेंगरते. पुरुषांपेक्षा बायकांत हे बरंच जास्त. भाकऱ्या थापणं, कापूस वेचणं, निंदणी-खुरपणी, पिळून धुणं, शिलाई मशीन, सगळं मनगटावरच. गरोदरपणातल्या शेवटच्या महिन्यांत होतं आणि बहुतेकींचं बाळंतपणानंतर आपोआप जातं. थायरॉइड मंदावलेल्यांना आणि मधुमेह्यांनाही होतं.

याच्या खुणा: रात्री दोन-तीनला जाग येते, हात खाली सोडून झटकला की बरं वाटतं. गाडीचं हँडल किंवा मोबाइल धरला की वाढतं. घरी करायची एक चाचणी आहे. दोन्ही हातांच्या पालथ्या बाजू छातीसमोर एकमेकींना टेकवा, बोटं खाली, कोपरं दोन्हीकडे, म्हणजे नमस्काराच्या उलट. असं साठ सेकंद. त्या साठ सेकंदांत नेहमीच्याच बोटांत मुंग्या किंवा आग आली तर डॉक्टरला तसं सांगा. नाही आली म्हणून निश्चिंत होऊ नका, ही चाचणी चुकतेही. टेबलावर हात टेकवणाऱ्या त्या मावशींना विसाव्या सेकंदालाच आली होती.

अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल फुगवटा असतो तो दोन्ही हातांवर शेजारी शेजारी ठेवून बघा. एकीकडे बसलेला, सपाट दिसला, किंवा ब्लाउजचं हूक लावता येईना, खाली सांडलेली मोहरी उचलता येईना, तर मनगट सरळ ठेवणाऱ्या पट्टीनं भागायची वेळ गेलेली असू शकते. त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरकडे जा.

उलट, करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू रंगली तर दुसरी नस. ती कोपराच्या आतल्या हाडामागून जाते, जिथे आपटलं की वीज चमकते तिथूनच. तासन्तास कोपर वाकवून फोन कानाला लावणारे, दुकानात गल्ल्यावर कोपर टेकून बसणारे, आणि कोयता घट्ट धरून तळव्याची करंगळीकडची बाजू दाबली जाणारे ऊसतोड कामगार इथे येतात. रात्री कोपराला टॉवेल गुंडाळून ते वाकणार नाही असं झोपा, आठवडाभर. फरक पडला तर उत्तर तिथेच आहे. याच नसेशी अजून एका आजाराचं नातं आहे, त्याबद्दल पुढे.

तिसरी शक्यता मानेची. आग खांद्यापासून किंवा कोपराच्या वरून रेघेसारखी उतरत येते, मान मागे किंवा त्याच बाजूला वळवली की वाढते, हात डोक्यावर ठेवला की कमी होते. अंगठ्याकडे उतरली तर मानेतली सहावी नस, मधल्या बोटाकडे तर सातवी, करंगळीकडे तर आठवी, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशोब असतो. बीड, गेवराई, पाटोद्याकडून कारखान्यावर जाणाऱ्या बाया दिवसाला किती मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवतात ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना मानेच्या मणक्याचं वेगळं सांगायला नको. पण मनगटाची पट्टी घालून मान बरी होत नाही. म्हणून आग सुरू कुठून होते हे नकाशावर बाणानं दाखवा.

पाय काय म्हणतात?

दोन्ही हात, सगळी बोटं, हातमोजा घातल्यासारखी आग असेल तर आता खाली पायाकडे बघा. हा टप्पा लोक गाळतात, कारण पायाच्या आगीची सवय झालेली असते.

साखरेनं नसा खराब होतात तेव्हा सगळ्यात लांब नसांपासून सुरुवात होते, म्हणजे पायाच्या बोटांपासून. आग वर चढत गुडघ्यापर्यंत आली की मग कुठे हाताच्या बोटांचा नंबर लागतो. त्यामुळे पाय ठणठणीत आणि फक्त हातांची आग, तर ती थेट साखरेची असण्याची शक्यता कमी. उपाशीपोटी 126 किंवा जास्त, तीन महिन्यांची सरासरी 6.5 टक्के किंवा जास्त आली तर मधुमेह. मात्र एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, परत तपासतात.

हात आणि पाय साधारण एकदमच सुरू झाले, किंवा आधी हातच, तर माझं बोट बी12 या जीवनसत्त्वाकडे जातं. याचं कारण आमच्या घरात आहे.

माझे वडील माळकरी. अंडं नाही, मटण नाही, आषाढीची वारी चुकवली नाही. नऊ वर्षं साखरेची मेटफॉर्मिन गोळी, आणि पित्ताची गोळी रोज सकाळी चहाआधी, ती कुणी सुरू केली हेही आठवत नाही. हातांची आग सुरू झाली. एका डॉक्टरांनी "उष्णता आहे" म्हणून सांगितलं, वर नसांच्या लाल गोळ्या दिल्या. आठ महिने गेले. मग टाळ धरता येईना, पायरीवर तोल जायला लागला, तोंड धुताना डोळे मिटले की भिंत धरायचे. आणि मी? दर तीन महिन्यांनी त्यांची साखर माझ्याच लॅबमध्ये माझ्याच हातानं तपासत होते. हिमोग्लोबिन 13 होतं, म्हणून निवांत होते. शेवटी बी12 केलं, 138 आलं. जीभ बघितली तर लाल, गुळगुळीत, तुकतुकीत. रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाची जीभ मी पाहिली नव्हती.

त्यातून शिकलेलं सांगते. बी12 भाजीत नाही, डाळीत नाही, पालकातही नाही. मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यात आहे. निव्वळ शाकाहार, बरीच वर्षं मेटफॉर्मिन, बरीच वर्षं पित्ताच्या गोळ्या, यातलं एकही असेल तर विचारा, दोन असतील तर तपासा. 200 पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, 200 ते 300 हा संशयाचा पट्टा, तिथे डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी बी12 कमी असू शकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजेक्शन घेतल्यावर तपासायला येऊ नका. मेडिकलवरून लाल इंजेक्शन टोचून घेऊन चौथ्या दिवशी लॅबला आलेल्यांचा आकडा 900 च्या वर येतो, आणि मग मूळ आजार काय होता ते कधीच कळत नाही. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनीही रक्त सुधारतं आणि नसा मात्र आतून बिघडत राहतात.

त्या "नसांच्या गोळ्यां"बद्दलही एक. त्यात बी6 असतं. मोठ्या डोसनं महिनोन् महिने घेतलं तर बी6 स्वतःच नसा खराब करतं. ज्या आगीसाठी गोळी, तीच आग गोळीनं.

टीबीचं औषध चालू असेल आणि हातपायाची आग सुरू झाली तर त्यातल्या आयसोनियाझिडमुळे बी6 कमी पडलेलं असू शकतं. टीबीचं औषध बंद करायचं नाही, पण केंद्रावर लगेच सांगायचं, ते योग्य मापाची बी6 गोळी देतात. दारू रोजची असेल तर डॉक्टरपाशी खरं सांगा, दारूनंही नसा जळतात. मूत्रपिंड बिघडल्यानं होतं, थायरॉइडनं होतं, कॅन्सरच्या काही औषधांनी होतं. पुडीतून येणाऱ्या भस्मांत शिसं असेल तर त्यानंही. पुडी फेकू नका, डॉक्टरला दाखवायला न्या.

चट्टा आहे का?

कुणाला आवडणार नाही, पण हे विचारलंच पाहिजे. अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, जो खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही? कुष्ठरोग 2005 च्या डिसेंबरात देशात दर दहा हजारांमागे एकाच्या खाली आला, पण तो संपलेला नाही. करंगळीकडची जी नस कोपरामागून जाते ती या आजारात जाड होते, सुतळीसारखी हाताला लागते. आग, झिणझिण्या, मग बधिरपणा.

तपासायला डॉक्टर लागत नाही. डोळे मिटा, दुसऱ्या कुणाला तरी बॉलपेनच्या टोकानं हलकेच चट्ट्यावर आणि शेजारच्या चांगल्या कातडीवर आळीपाळीनं स्पर्श करायला सांगा. स्पर्श झाला की तिथे बोट ठेवायचं. चट्ट्यावरचे स्पर्श निसटायला लागले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तपासणी आणि औषध फुकट, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने, आणि माणूस पूर्ण बरा होतो. लवकर गेलं तर बोटं वाकडी होत नाहीत. तव्यावर हात पोळला आणि कळलंच नाही, फोड दिसल्यावर समजलं, असं कुणी सांगितलं तर तिला मी चट्टा नसला तरी पाठवते.

थोडं रंगाकडे

गार पाण्यात हात घातला की बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होऊन आग: थंडीनं रक्तवाहिन्या आवळतात. परभणीची डिसेंबरातली पहाट याला पुरेशी आहे. खडक फोडायचं ब्रेकर चालवणाऱ्या विहिरीवरच्या पोरांनाही होतं. उलट हात लालबुंद, गरम, आणि गार पाण्यानंच बरं वाटतं असं वारंवार होत असेल तर तो दुर्मिळ प्रकार आहे. साधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करा, प्लेटलेट वाढलेल्या असू शकतात.

मनगट मोडून प्लास्टर झालं होतं आणि ते काढल्यावर तोच हात सुजतोय, रंग बदलतोय, नुसता पदर लागला तरी आग होते, तर "मुरगळलंय, जाईल" म्हणू नका. आणि एकाच हातावर पट्ट्यासारखी आग, तीन-चार दिवसांनी पाण्याचे फोड: नागीण. फोड दिसल्यापासून 72 तासांत औषध सुरू झालं तर जास्त उपयोग. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस मरतो वगैरे काही नसतं, पण त्या भीतीनं का होईना लवकर दवाखान्यात जा.

उष्णतेचं काय?

हे मला रोज ऐकावं लागतं. "ताई, कडकी झालीय." आपल्याकडे पारा 42-43 वर जातो, पाणी कमी प्यायलं जातं, हातपाय गरम लागतात, हे खरंच आहे. पाळी जायच्या वयातल्या बायकांना अंगातून वाफा निघतात, तळहात तापतात, तेही खरं. सब्जा, गुलकंद (मधुमेह नसेल तर), कांद्याचा रस, काशाच्या वाटीनं तूप चोळणं, यातल्या कशानं नुकसान होत नाही, आणि चोळणाऱ्या हाताची माया लागते ती वेगळीच. माझी अट एवढीच की पंधरा दिवस द्या. पंधरा दिवसांत गेलं नाही, किंवा थंडीच्या दिवसांतही तसंच आहे, तर ती उष्णता नाही. मेडिकलवर मिळणाऱ्या "खाज-आगीच्या" ट्युबा मात्र नकोत. त्यातल्या बऱ्याचशांत स्टेरॉइड असतं, कातडी पातळ होते आणि चट्टा असेल तर ओळखू येत नाही.

जाताना काय न्यायचं, काय तपासायचं

नकाशाचा कागद. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, नावं नव्हे. आग कधी सुरू झाली, रात्री की कामात, कशानं थांबते, पाय, जीभ, वजन, तोल, याच्या चार ओळी. साध्या भाषेत लिहा, "न्यूरोपॅथी" लिहू नका. जळजळ, मुंग्या, टोचणं आणि बधिर या चार वेगळ्या गोष्टी आहेत. जी होते तीच लिहा.

दोन्ही हातपायांची आग असेल तर पहिल्या फेरीत सीबीसी, साखर, बी12, थायरॉइडसाठी टीएसएच, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन एवढं बहुतेकांना पुरतं. बाकीची पन्नास तपासण्यांची पॅकेजं माझ्याकडेही मिळतात. आगीसाठी घेऊ नका. ठरावीक बोटांचीच आग असेल तर रक्तापेक्षा एनसीव्ही, म्हणजे नसेतून वीज किती वेगानं जाते ती तपासणी. ती तालुक्याला सहसा होत नाही. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, नांदेड किंवा लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, यातलं जवळचं गाठा आणि ओपीडीत आधी विचारून घ्या की एनसीव्ही कोणत्या वारी होते. नाहीतर एसटीचं तिकीट फुकट जातं.

आणि उपाय सुरू झाल्यावर किती दिवस धीर धरायचा? मिरची एक दिवस. फवारा एक-दोन दिवस. मनगटाला रात्रीची पट्टी, मनगट सरळ ठेवणारी, सहा आठवडे. त्या मावशींची चौथ्या आठवड्यातच झोप लागायला लागली, थायरॉइड मात्र नंतर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर माझ्याकडेच निघालं. बी12 ला महिने लागतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत मुंग्या उलट वाढल्यासारख्या वाटू शकतात. वडिलांनी त्याच भीतीनं इंजेक्शन बंद करायला काढलं होतं. सहा महिन्यांनी टाळ परत हातात आला. डाव्या अंगठ्यातली बधिरता तेवढी राहिली, कारण आठ महिने उशीर झाला होता. या मुदती उलटूनही काहीच फरक नसेल तर औषधाचा डोस वाढवायच्या आधी नवा कागद घ्या आणि हात परत ठेवा. पहिला अंदाज चुकलेला असतो, आणि पहिल्या नकाशाशेजारी दुसरा ठेवला की कुठे चुकला ते बहुधा दिसतं.